कोळंबीच्या टरफलांतून जलशुद्धी

विहिरीचे पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. कारखान्याच्या सांडपाण्यातून झिरपलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे.

या कामी कोकण किनाऱ्यावरील एक टाकाऊ वस्तू उपयोगी पडते. कोळंबी व खेकडा यांच्या कवचात कायटिन असते. आम्लाने कवचातील चुनखडीचा अंश व सौम्य क्षाराने प्रथिने काढून कायटिन तीव्र क्षारात तापविले म्हणजे कायटोसन तयार होते. त्यातील अमिनो गट शिसे, तांबे, कॅडमियम अशा धातूंचे आयन धरून ठेवतात. मात्र आम्लयुक्त पाण्यात कायटोसन विरघळते. म्हणून त्याचे मणी रासायनिक प्रक्रियेने पक्के करावे लागतात.

तीव्र क्षाराचे हे काम घरी करू नये. धातू शोषलेले मणी उकिरड्यावर टाकल्यास तेच विष खतावाटे शेतात परतते. संशय येताच शेतकरी बांधवांनी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा व तोवर ते पाणी पिऊ नये.