वगळलेल्या स्लाइडचे काय करावे?

आपल्या वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत अनेक माजी विद्यार्थी शिकवितात. नोकरीनिमित्त दूर गेलेले ऑनलाइन शिकवितात. त्यांच्यासाठी आणि नव्या शिक्षकांसाठी आम्ही इतिहास-अध्यापनाचा एक लहानसा ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग तयार केला. पहिला नमुना-पाठ महाडच्या सत्याग्रहाचा होता. पॉवरपॉइंटमध्ये ५८ स्लाइड झाल्या. चाळीस मिनिटांत ३४ बसल्या. उरलेल्या २४ स्लाइडचे काय करावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी किरकोळ वाटला. तो तसा नाही, हे आम्ही दोन चुका करून शिकलो.

प्रारंभी आम्ही सोपा मार्ग धरला. नको असलेल्या स्लाइडना 'हाइड स्लाइड' ही आज्ञा दिली. सादरीकरणात त्या दिसेनाशा झाल्या, आम्ही निश्चिंत झालो आणि फाइल वीस जणांना पाठविली. दुसऱ्याच दिवशी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, बारा क्रमांकानंतर एकदम पंधरा येतो, म्हणून फाइल उघडून पाहिली. मधल्या दोन स्लाइडवर मुलांची नावं, गुण आणि वडिलांचं उत्पन्न आहे. हे आम्हांला पाठवायचं होतं का?"

मूल्यमापनाचा नमुना म्हणून आम्ही एका वर्गाची खरी यादी तेथे ठेवली होती. ज्या मुलांना सन्मानाने शिकता यावे म्हणून हे वसतिगृह उभे राहिले, त्यांच्या घरची गरिबी आमच्या हलगर्जीपणामुळे वीस ठिकाणी पोहोचली. सर्वांना फाइल पुसून टाकण्याची विनंती केली. पालकांना भेटून चूक कबूल केली. पण गेलेली गोष्ट पूर्णपणे परत घेता येत नाही.

'हाइड' केलेली स्लाइड केवळ सादरीकरणाच्या ओघात वगळली जाते. फाइलमध्ये ती जशीच्या तशी असते. फाइल ज्याच्या हाती जाईल, त्याला डाव्या रांगेत ती फिकट दिसते. सादरीकरण चालू असताना तिचा क्रमांक दाबून एंटर केले, तर ती पडद्यावरही येते. क्रमांकांच्या मोजणीत ती धरली जाते. छापताना लपविलेल्या स्लाइड छापण्याचा पर्याय चालू राहिला, तर ती कागदावर उतरते. स्लाइडखाली लिहिलेल्या टिपाही फाइलबरोबर जातात.

या प्रसंगाने धास्तावून पुढच्या वेळी आम्ही उरलेल्या सर्व स्लाइड पुसून टाकल्या. ही दुसरी चूक. नव्या तुकडीतील एका शिक्षिकेने विचारले, "सर, २० मार्च १९२७ ला पाणी प्यायल्यावर तळं सर्वांना खुलं झालं का?" याचे उत्तर पुसलेल्या स्लाइडमध्ये होते. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले १९२४ मध्ये. सत्याग्रहानंतर त्याच वर्षी, ऑगस्ट १९२७ मध्ये, नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. विरोधक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. हा दहा वर्षांचा लढा गाळला, तर एका दिवसाच्या मोर्चाने हक्क मिळाला अशी समजूत होते. ती स्लाइड पुन्हा करण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या.

वेळेअभावी वगळलेली गोष्ट निरुपयोगी असतेच असे नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण झालेच नाही. त्यांनी ते स्वखर्चाने छापले. व्यासपीठ न मिळालेले ते भाषण आज जगभर अभ्यासले जाते. आमच्या स्लाइडची त्याच्याशी तुलना नाही. पण काय ठेवावे हे विचारपूर्वक ठरवावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आता आम्ही उरलेल्या स्लाइडचे तीन भाग करतो. पहिला भाग नष्ट करावयाचा : दुबार झालेल्या, चुकीच्या आणि कोणाही मुलाची खरी माहिती असलेल्या स्लाइड. नमुन्यासाठी आता काल्पनिक नावेच वापरतो. दुसरा भाग पूरक वाचनाचा : पाठात न बसलेला, पण समजुतीस आवश्यक असलेला मजकूर. तो दोन पानांचे टिपण करून पाठासोबत देतो. तिसरा भाग राखीव : दुसऱ्या पाठास उपयोगी पडतील अशा स्लाइड. त्यांची स्वतंत्र फाइल असते. प्रत्येक स्लाइडच्या टिपेत ती कोणत्या पाठातून काढली, का काढली, केव्हा काढली आणि चित्र कोठून घेतले, हे लिहितो. कारण न लिहिलेली स्लाइड वर्षभराने आपलीच असून ओळखू येत नाही.

पाठवावयाची प्रत मूळ फाइलपासून वेगळी करतो. तिच्यात एकही लपविलेली स्लाइड ठेवत नाही. टिपा तपासतो, क्रमांक सलग आहेत ना ते पाहतो आणि प्रत्येक दुवा दाबून बघतो. कारण काढलेल्या स्लाइडकडे नेणारा दुवा शिकणाऱ्यास मध्येच अडवितो. शेवटी, पाठ तयार न केलेल्या सहकाऱ्याकडून फाइल उघडून घेतो. राखीव फाइल दर सत्राअखेर चाळतो आणि कालबाह्य झालेले काढून टाकतो.

या कामास फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. अर्धा तास आणि एक सावध सहकारी लागतो. दूरवरून शिकविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीही आपली फाइल पाठविण्यापूर्वी एवढे करावे, ही विनंती. आमची पहिली चूक आपल्यापैकीच एकाने निःसंकोच दाखविली, म्हणून ती वेळीच थांबली. त्याचे ऋण या स्मरणिकेत नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

जयभीम.