दगडापर्यंत उपग्रह, पुढे डोळे

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. वारकरी ही वाट मुक्कामांत मोजतो, बांधकाम खातं किलोमीटरच्या दगडांत. पिवळ्या टोपीचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या टोपीचा राज्यमार्गाचा. रस्त्याला बढती मिळाली की टोपीचा रंग बदलतो. रुंदीकरण आलं की दगडच हलतो.

असे दगड, जुन्या पाट्या, वेशी हुडकायला लावणारा एक खेळ जगभर चालतो : जिओकॅशिंग. एकानं डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्यानं तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवायचा. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम चूक घातलेली होती, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं हुकायची. २ मे २००० रोजी ती चूक काढली गेली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली.

समजा, नातेपुत्याबाहेरच्या एखाद्या दगडाला या खेळातल्या जागेचा मान दिला. खेळात जागा अंश आणि मिनिटांत सांगतात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशाचा हा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून इथे त्यांचा हजारावा भाग थोडा आखूड, पावणेदोन मीटरच्या आसपास. आकडा इतका बारीक, पण मोबाइल तेवढा नेमका नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून तो अंतर काढतो. स्थान ठरवायला तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो तो मोबाइलच्या स्वस्त घड्याळामुळे. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं! मोकळ्या माळावर पाचेक मीटरपर्यंत नेम लागतो. वडाच्या दाट सावलीत संदेश क्षीण होतात, पत्र्याच्या शेडजवळ ते आपटून उशिरा पोचतात, आणि मोबाइलवरचा दिशा दाखवणारा बाण भलतीकडे वळतो. मग मोबाइल खिशात घालून गवत बाजूला सारावं लागतं. मला विचाराल तर खरा खेळ इथूनच सुरू होतो.

अडचण डब्याची आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे एसटी स्टँडवर ऐकत मोठे झालेलो आपण. रस्त्याकडेचा डबा पाहून कुणी पोलिसांना फोन केला तर त्याचं काय चुकलं? त्यावर उत्तर खेळातच आहे. काही ठिकाणी डबा नसतोच. जागेवर गेल्याशिवाय सुटणार नाही असा प्रश्न असतो. भूशास्त्राच्या जागांसाठीचे 'अर्थकॅश' असेच चालतात.

नातेपुत्यासाठी माझा प्रश्न तयार आहे : दगडावर पंढरपूर किती लिहिलंय, आणि रंगाचा पोपडा उडालाय तिथं खाली आधीचा आकडा दिसतो का? दिसलाच, तर तो किलोमीटरचा की मैलांचा?