सह्याद्रीच्या नद्या (भाग ४) : सावित्री, उतार संपतो तिथं महाड

गेल्या आठवड्यात कृष्णेच्या काठानं आपण आंध्रातल्या हंसलादीवीपर्यंत, म्हणजे बंगालच्या उपसागरापर्यंत गेलो. ती वाट सुमारे १,४०० किलोमीटरची. सावित्रीचा उगमही त्याच क्षेत्र महाबळेश्वरचा, पण ती पश्चिमेचा कडा उतरते आणि जेमतेम शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्राला मिळते. आर्थर सीटवरून खाली जी खोल दरी दिसते, ती हिचीच.

या नदीचं सगळं वागणं तिच्या उतारात आहे. सुमारे १,४०० मीटर उंचीवरून निघालेलं पाणी घाटाखाली पोलादपूरला पोचेपर्यंत बहुतेक सगळी उंची उतरून गेलेलं असतं. पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो खालच्या गावांत यायला दिवस लागत नाहीत, तास लागतात. पोलादपूरपासून पुढं मात्र जमीन जवळजवळ सपाट होते. रायगडाच्या अंगानं आलेल्या काळ आणि गांधारी या नद्याही महाडच्या परिसरातच सावित्रीला मिळतात. आणि समुद्राची भरती खाडीतून थेट महाडपर्यंत चढते.

वरून तीन नद्यांचं पाणी, खालून भरती आणि मध्ये शहर, असा हा पेच आहे. उधाणाच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की पाण्याला पुढं सरकायला जागाच उरत नाही. ते फुगतं आणि बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड बुडालं. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्या रात्रीची आठवण या भागात अजून ताजी आहे. अशा पुराला केवळ अस्मानी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. पात्रात साचलेला गाळ, काठावर घातलेले भराव, अरुंद झालेले प्रवाह, हे सगळं माणसांच्या हातातलं आहे. उतार संपल्यावर नदीला पसरायला जागा लागते, आणि तीच आपण अडवून बसलो आहोत.

याच भरतीनं एके काळी महाडला बंदर केलं होतं. खाडीतून आलेला माल इथं उतरायचा आणि घाटवाटांनी देशावर चढायचा. गांधारपाल्याची बौद्ध लेणी या जुन्या वर्दळीच्या वाटेवरच कोरलेली आहेत.

दासगावच्या खाली नदी पुरती खाडी होते. आंबेत-म्हाप्रळच्या पुलाचं एक टोक रायगड जिल्ह्यात, दुसरं रत्नागिरीत. मुखाशी दक्षिणेला बाणकोट, जिथल्या हिम्मतगडाला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, उत्तरेला हरिहरेश्वर. बागमांडले आणि वेश्वी यांच्यामध्ये गाड्यांसकट माणसं फेरीबोटीनं पलीकडं जातात.

पुढच्या भागात कोयना. तीही याच पठारावरची, पण सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडं वाहत जाऊन हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेला वळणारी.