चढणीचे मासे

पावसाळ्याच्या आरंभी नदी-ओढ्यांना आलेल्या नव्या पाण्यात, अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर जाणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांना महाराष्ट्रात चढणीचे मासे असे म्हणतात. उत्तर कोकणात याच घटनेला वलगण हा शब्द रूढ आहे. हे कोणत्याही एका जातीचे नाव नाही. अनेक जातींच्या माशांना त्यांच्या एका विशिष्ट काळातील हालचालीवरून मिळालेले ते नाव आहे. एरवी खोल डोहांत राहणारे आणि सहसा हाती न लागणारे मासे या मोजक्या दिवसांत उथळ पाण्यात, ओढ्यांच्या मुखाशी आणि कधी पाणी भरलेल्या शेतातही सापडतात. त्यामुळे दुर्मिळ मासा मिळण्याचा काळ आणि त्या माशाच्या प्रजननाचा काळ एकच ठरतो. या मासेमारीविषयीचे बहुतेक वाद याच योगायोगातून निर्माण झाले आहेत.

कारणे

उन्हाळ्यात पाण्याचे तापमान वाढते, दिवस मोठा होतो आणि माशांच्या शरीरात अंडी व शुक्रद्रव्य परिपक्व होते. तथापि केवळ परिपक्वता पुरेशी नसते. पाण्याची पातळी अचानक वाढणे, ते गढूळ होणे, त्याचे तापमान काहीसे उतरणे आणि प्रवाहाला वेग येणे या गोष्टी एकत्र घडल्या की नदीत राहणारे कार्प गटातील मासे अंडी सोडण्यास प्रवृत्त होतात. पुराच्या पाण्याखाली नव्याने आलेल्या जमिनीवर सूक्ष्म जीवांची वाढ झपाट्याने होते, त्यामुळे पिलांना अन्न मिळते. मोठे भक्षक मासेही तेथे तुलनेने कमी असतात. रोहूसारख्या माशाची अंडी पाण्यात तरंगत वाहत जातात व साधारण एका दिवसाच्या आत फुटतात. म्हणून अंडी घालण्याची जागा प्रवाहात जितकी वर, तितका पिलांना वाढीसाठी अधिक वाव मिळतो.

सर्वच मासे लांबचा प्रवास करतात असे नाही. मरळ जवळच्या उथळ, गवताळ पाण्यात येते आणि तेथे पिलांची राखण करते. याउलट गोड्या पाण्यातील ईल, म्हणजे अहिर, हा मासा अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातो आणि त्याची पिले नदीत वर येतात. त्याची चढण ही इतरांहून निराळ्या अर्थाची आहे.

भीमा व नीरा खोऱ्यातील स्थिती

कोकणात जूनच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर मासे चढू लागतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात तसे घडत नाही. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात आणि तेथील नद्यांना येणारा पूर प्रामुख्याने सह्याद्रीत पडलेल्या पावसाचा असतो. आभाळ कोरडे असतानाही नदी दुथडी भरून वाहते, हा या भागातील नेहमीचा अनुभव आहे. बारामती तालुक्यातील पणदरे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात असून नीरा नदी त्याच्या दक्षिणेकडून वाहते. भाटघर व वीर ही धरणे भरल्यावर सोडलेला विसर्ग हीच येथील माशांसाठी नव्या पाण्याची पहिली खूण असते. पूर्वी ही खूण पाऊस देत असे, आता ती धरणाच्या दारांवर अवलंबून आहे. विसर्ग उशिरा सुटला तर परिपक्व मासे डोहातच अडकून राहतात. तो एकाएकी थांबवला तर उथळ पाण्यात घातलेली अंडी उघडी पडतात.

कऱ्हा नदी बारामती तालुक्यात सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा पुढे इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. हा संगम उजनी धरणाच्या खालच्या अंगास आहे. त्यामुळे खालून येणाऱ्या माशांना भीमेचा वरचा भाग बंद झाला असला, तरी नीरेची वाट तुलनेने मोकळी राहिली. नीरेवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे पावसाळ्यात काढून ठेवतात आणि पावसाळा सरल्यावर पाणी अडवण्यासाठी पुन्हा बसवतात. पाणी साठवण्याच्या दृष्टीने केलेली ही व्यवस्था माशांच्या चढणीलाही सोयीची ठरली, हा अर्थातच कोणाच्या नियोजनाचा भाग नव्हता. दारे वेळेवर निघाली नाहीत तर मात्र मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतात आणि तेथे ते पकडणे फारच सोपे जाते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा यशवंतसागर हा जलाशय इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत तालुक्यांत पसरला आहे. वाहत्या नदीचे विस्तीर्ण, संथ जलाशयात रूपांतर झाल्याने तेथील माशांची रचनाच पालटली. भिगवण येथे माशांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. परंतु त्या बाजारात आज मोठा वाटा चिलापीचा आहे. आफ्रिकेतून आलेला हा मासा भारतात प्रथम १९५२ मध्ये आणला गेला. त्याला अंडी घालण्यासाठी ना पूर लागतो ना प्रवाह. तो संथ पाण्यात वर्षातून अनेकदा प्रजनन करतो, म्हणून धरणाने जे स्थानिक माशांकडून हिरावून घेतले त्याची त्याला गरजच पडत नाही.

जाती व त्यांची नावे

भीमा खोऱ्यातील माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याचा दख्खनमधील माशांवरील निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक जातींना त्याने स्थानिक मराठी नावांवरूनच लॅटिन नावे दिली. खडशी या नावावरून आलेले ‘खुद्री’ हे दख्खनी महसीरचे जातिनाम आजही कायम आहे, तर शिंगटीचे नाव ‘सीनघाला’ व ‘सींगटी’ अशा रूपांत शास्त्रीय वाङ्मयात उतरले. कोळशी, बोगट यांसारखी नावेही याच मार्गाने जगभर गेली. नावे देणाऱ्याच्या कानावर ती ज्यांच्याकडून पडली, त्या मासेमारांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

चढणीच्या काळात या भागात मिळणाऱ्या माशांत शिंगटा, मरळ, वांब, कोळशी तसेच लहान खवलेदार माशांचे अनेक प्रकार येतात. रोहू व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मासे असून त्यांचे बीज जलाशयांत सोडले जाते. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणल्यापासून असे बीज पुराविना तयार करता येऊ लागले. महसीरचे कृत्रिम प्रजनन लोणावळ्याजवळील टाटांच्या मत्स्यकेंद्रात झाले आहे. उर्वरित बहुसंख्य स्थानिक जातींसाठी असा पर्याय उपलब्ध नाही. त्यांची पुढची पिढी चढणीवरच अवलंबून असते.

पकडण्याच्या पद्धती

नदीकाठच्या भोई व कोळी समाजांत फेकजाळे, गळ आणि बांबूच्या कामट्यांचे पिंजरे यांचा वापर परंपरेने होत आला आहे. पिंजरा ओढ्याच्या अरुंद तोंडाशी ठेवतात. मासा आत शिरतो, पण आत वळलेल्या कामट्यांमुळे त्याला परतता येत नाही. कालव्याचे आवर्तन बंद झाल्यावर खोलगट भागात उरलेले मासे पकडण्याचीही प्रथा आहे. या पद्धतींत मोठ्या फटींतून लहान मासे निसटून जात. उजनीत वादग्रस्त ठरलेल्या वडाप या बारीक जाळ्याच्या पद्धतीत बोटभर पिलेही सुटत नाहीत. पाण्यात स्फोटके वा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून मनाई आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात लागू असणारी मासेमारीबंदी सर्वांना परिचित असली, तरी ती सागरी मासेमारीपुरती आहे.

नदीच्या काही भागांना धार्मिक श्रद्धेमुळे संरक्षण लाभले. देहू व आळंदी येथे इंद्रायणीतील आणि महाडजवळ वाळणकोंड येथील मासे देवाचे मानून पकडले जात नाहीत. मात्र असे संरक्षण डोहापुरते असते, मासा डोह सोडून वर निघाला की ते संपते. सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यापासूनही ते माशांना वाचवू शकत नाही.

व्हिडिओ खेळांमध्ये

ऋतू व पाऊस यांनुसार मासे मिळण्याची कल्पना जीवनसदृश व्हिडिओ खेळांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या खेळात शिंगट्याच्या कुळाशी मिळताजुळता कॅटफिश वसंत व शरद ऋतूंत पाऊस पडत असताना नदीत लागतो, तर ‘लेजंड’ हा दुर्मिळ मासा वसंतातील पावसातच, डोंगरावरील तळ्यात मिळतो. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ (२०२०) मध्ये खेळाडूने निवडलेल्या गोलार्धाप्रमाणे माशांचे महिने बदलतात आणि सीलकँथ हा मासा पाऊस किंवा बर्फ पडत असतानाच गळाला लागतो. दोन्ही खेळांत सर्वसाधारण मासे कितीही पकडले तरी पुढील वर्षी त्याच ऋतूत तितकेच परत येतात.