चहाचा चोथा, भुसा आणि फेव्हिकॉल: मिनिएचर बेसचा घरगुती धंदा



या व्हिडिओत दाखवलेला तो छोटा गोल तुकडा तुम्ही पाहिला असेल. दहाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, वर जंगलातल्या जमिनीसारखी माती, पालापाचोळा, एक पडलेलं लाकूड. याला बेस म्हणतात. बोटभर उंचीचे सैनिक, राक्षस, जादूगार घेऊन टेबलावर लढाया खेळणारे लोक जगभर आहेत. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्येच या खेळाचे नियम 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात छापले होते, म्हणजे हा काही कालचा छंद नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबई-बंगळुरूची पोरं आता थ्रीडी प्रिंटरवर असे पुतळे छापतात, रंगवतात आणि मग पुतळा कशावर उभा करायचा इथे अडकतात. बाहेरून मागवलेला टेक्स्चर पेंट महाग पडतो.

आणि बघा, आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतातच की! मावळ्यांच्या पायाखाली माती, अळिवाचं गवत, रंगवलेला भुसा. हात तोच, फक्त माप छोटं.

आता चंद्रपूर-गडचिरोलीत बसून हे का करायचं? कारण कच्चा माल दारात आहे. बल्लारशाहचं सागवान तर प्रसिद्धच, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी इथूनच गेलं. आपल्याला सागवान नको, आरा मशीनखाली पडलेला भुसा हवा. बांबूकाम करणाऱ्या कारागिरांकडे काड्या-कामट्यांचा चुरा पडलेला असतो, त्याचे आडवे पडलेले ओंडके होतात. चहाचा चोथा धुऊन कडक वाळवला की हुबेहूब कुजलेला पालापाचोळा दिसतो. वाळू लागते चिमूटभर. घराशेजारी बांधकाम चालू असेल तर मालकाला विचारून डबाभर आणा आणि चहाच्या गाळणीने चाळा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ताडोबासारख्या राखीव जंगलातून साल, माती, पानं काहीही उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे. "नुसती पानं तर आहेत" हे तिथे चालत नाही. 'अस्सल ताडोबाची माती' असं पाकिटावर छापण्याचा मोह तर अजिबात नको.

कृती सोपी आहे. ३ मिमी एमडीएफच्या गोल चकत्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. २५, ३२ आणि ४० मिमी ही मापं सगळ्यात जास्त चालतात. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून चकतीच्या दोन्ही बाजूंना पातळ हात मारा. हे टाळू नका, कारण एकाच बाजूला ओलं लागलं की एमडीएफ वाटीसारखा वाकतो आणि पुतळा डुलतो. वाळल्यावर एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग चाळलेली वाळू, मूठभर बारीक भुसा असं दाट मिश्रण आईस्क्रीमच्या काडीने पसरा. कडेला नखाएवढी जागा मोकळी सोडा. मधोमध पुतळ्याचे पाय चिकटतील एवढा भाग सपाट ठेवा, बरेच जण नेमकं हेच विसरतात. चोथा आणि बांबूची काडी ओल्यातच दाबायची. मग गडद तपकिरी रंग, त्यावर पाण्यासारखा पातळ काळा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट मातकट रंग वरवर फिरवायचा. उंचवटे उठून दिसतात, सगळी जादू याच हाताची.

धानाच्या बांधीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा हव्या असतील तर चिकणमाती जाड थापा, गोंद कमी घाला. भेगा आपोआप पडतील. मग वरून पातळ फेव्हिकॉल सोडून त्या पक्क्या करा.

आपल्याकडचा उन्हाळा हे फुकटचं ओव्हन आहे, पण भर दुपारच्या उन्हात बेस ठेवू नका. वरचा थर आधी आवळतो आणि चकती वाकते. चोथा आणि भुसा उन्हात, तयार बेस सावलीत. माल एप्रिल-मेमध्ये करून हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात केलेल्या बेसमध्ये चोथ्याला बुरशी येते, आणि दिवाळीची मागणी तर पावसाळा संपता संपताच सुरू होते.

आता धंद्याचं बोलू. इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण माल जवळजवळ फुकट म्हणून ते किंमतही तशीच लावतात. समजा, सामान एका बेसला २ रुपये पडलं आणि तुमच्या तासाची किंमत तुम्ही ६० रुपये धरली. एकेक बेस पूर्ण करत बसलात, प्रत्येकी १२ मिनिटं लागली, तर १०० बेसला २० तास. मजुरी १२००, सामान २००, म्हणजे एक बेस १४ रुपयांना पडला. तेच १०० बेस ट्रेवर लावून आधी सगळ्यांना वाळू, मग सगळ्यांना रंग असं केलं आणि ५ तासांत झालं, तर मजुरी ३००. बेस पडला ५ रुपयांना. हे आकडे समजण्यापुरते आहेत, घड्याळ लावून तुमचे तुम्ही काढा. पण फरक कुठून आला ते पाहिलंत ना? भुसा फुकट मिळाला म्हणून नाही.

सुटे बेस विकू नका. पाच बेसच्या पाकिटाला कुरिअरच मालापेक्षा महाग पडेल. वीसचा संच करा, सगळे एकाच रंगात, कारण गिऱ्हाईकाला अख्खी पलटण सारखी दिसायला हवी असते. म्हणून रंगाचं प्रमाण वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या वेळी तोच रंग मागतील. मोठ्या खेळ-कंपन्यांची नावं पाकिटावर छापू नका, '२५ मिमी गोल बेस, जंगल' एवढं पुरे. दुसरं गिऱ्हाईक जवळच आहे: मोहर्लीसारख्या गेटबाहेर वाघाच्या छोट्या मूर्ती विकणारे. नुसत्या वाघापेक्षा पाचोळ्यावर उभा असलेला वाघ जास्त भावात जातो का, हे पाहायला पाच-दहा नमुने त्यांच्याकडे ठेवून बघा. फक्त पावसाळ्यात कोअर झोन बंद असतो, तेव्हा पर्यटक कमी.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि सरकारी पोर्टलवर मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एमडीएफ घासताना मास्क लावा.

पहिला संच पाठवण्याआधी तो खोक्यात भरून कमरेएवढ्या उंचीवरून तीनदा खाली सोडा. खोकं उघडल्यावर तळाशी वाळू दिसली तर फेव्हिकॉल वाढवा आणि वरून पातळ वॉर्निशचा एक हात द्या.