थंडीतला सूर्य आणि सौर वीज

"सर, लडाखमध्ये एवढी थंडी असते, तर तिथे सौर पॅनेल चालतात कसे?" असा प्रश्न वर्गात आला, तर तो टाळू नये. आपल्या मनात ऊन आणि उष्णता यांची सांगड इतकी पक्की बसलेली असते, की 'थंडी म्हणजे सौर वीज बंद' असेच वाटते. प्रत्यक्षात सौर घटाला हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्याला मानवत नाही. सिलिकॉनचा सौर घट तापला की त्याचे विभवांतर घटते आणि थंड झाला की वाढते. हा बदल दर अंशाला साधारण ०.३ टक्के असतो.

मग थंडी ही पर्वणीच म्हणायची की! पण थांबा. एक छोटे गणित करू. एका पॅनेलचे खुल्या मंडलातील विभवांतर २५ अंश सेल्सिअसला ४५ व्होल्ट आहे. अशी २० पॅनेल एकसर जोडली, तर एकूण ९०० व्होल्ट होतात. त्यांना जोडलेला इन्व्हर्टर १००० व्होल्टपर्यंत सोसतो. सारे ठीक दिसते. आता पहाटेचे तापमान उणे २५ अंश झाले. फरक ५० अंशांचा, म्हणून वाढ १५ टक्के. विभवांतर झाले १०३५ व्होल्ट! सूर्य उगवताच, पॅनेल तापण्यापूर्वीच, इन्व्हर्टरवर हा ताण येतो आणि तो निकामी होऊ शकतो. म्हणून थंड प्रदेशात रांगेत एखादे पॅनेल कमी ठेवावे लागते. १९ पॅनेल ठेवली तर किती व्होल्ट होतील, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

दुसरी बाब कोनाची. लेह सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ३२.५ अंश वर असतो. मुंबईत तो साधारण ४७.५ अंशांवर असतो. हिवाळ्यात जास्त वीज हवी असेल, तर लेहमधील पॅनेल अक्षांशापेक्षा १५ अंशांनी अधिक, म्हणजे सुमारे ५० अंश उभे करणे सोयीचे. याचा आणखी एक लाभ असा, की उभ्या पॅनेलवरून बर्फ घसरून पडतो. मात्र घसरलेला बर्फ खाली साचून पुन्हा पॅनेलला भिडू नये, म्हणून चौकट जमिनीपासून पुरेशी उंच हवी. जमिनीवरचा ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करतो. त्यातला काही भाग उभ्या पॅनेलला मिळतो, तो वेगळाच.

पॅनेलच्या खालच्या कडेला हातभर बर्फ उरला तर काय बिघडते? पुष्कळ बिघडते. पॅनेलमधील घट एकसर जोडलेले असतात. काही घट झाकले गेले, की साऱ्या रांगेचा प्रवाह अडतो. अशा वेळी वीज पुढे नेण्यासाठी पॅनेलमध्ये बहुधा तीन बगल-डायोड असतात. नेहमीच्या रचनेचे पॅनेल आडवे बसवले, तर खालच्या बर्फाने त्याचा एक तृतीयांश भागच बंद पडतो. उभे बसवले तर तिन्ही भाग बंद पडतात. बर्फ काढण्यासाठी मऊ ब्रश वापरावा. फावडे वापरल्यास काच चरते आणि गरम पाणी ओतल्यास ती तडकू शकते.

सर्वांत नाजूक घटक म्हणजे बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित असेल, तर तिच्यातील आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पण ती उतरलेली असेल, तर आम्ल पातळ झालेले असते आणि उणे १० अंशांच्या आसपासच गोठते. बर्फ होताना आकारमान वाढते आणि बॅटरी फुटते. लिथियम बॅटरीची अडचण निराळी. शून्याखाली ती भारित केली, तर धातुरूप लिथियमचा थर साचून तिचे कायमचे नुकसान होते. म्हणून बॅटरीची खोली ऊबदार ठेवणे ही चैन नसून गरज आहे.

ही काळजी कशासाठी? श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे लोकार्पण फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. त्याआधी लेहची भिस्त डिझेल आणि जलविद्युत यांवर होती. ओढे गोठतात तेव्हा छोटी जलविद्युत केंद्रे मंदावतात आणि नेमकी तेव्हाच रात्र मोठी असते. दूरच्या वस्तीत बॅटरी फुटली आणि वाटा बंद असल्या, तर नवी येईपर्यंत अंधारच!

आपल्याकडे बर्फ नाही, पण दव आहे. हिवाळ्यात पाऊस नसतो, धूळ भरपूर असते. दव आणि धूळ मिळून काचेवर चिखलाचा पातळ थर जमतो. सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने तो धुवावा.

करून पाहा : खेळण्यातले छोटे सौर पॅनेल आणि मल्टिमीटर घ्या. पॅनेल उन्हात तापू द्या आणि विभवांतर मोजा. मग ते पिशवीत गुंडाळून शीतकपाटात अर्धा तास ठेवा, कोरडे पुसा आणि त्याच उन्हात लगेच मोजा. नंतर एकच घट पुठ्ठ्याने झाका आणि प्रवाह मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.