अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

“साहेब, इम्युनोथेरपी दिली तर ऑपरेशन टळेल का?” हा प्रश्न कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराच्या मुलाने आमच्या कार्यालयात विचारला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उपचारांचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच. तथापि खर्चाचा अंदाज देण्याचे काम माझ्याकडे असल्याने, जे समजून घेतले ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहे.

या रोगाचे मुख्य प्रकार दोन. आपल्या देशात तंबाखू व मद्य यांच्याशी निगडित असा स्क्वॅमस प्रकार अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत, बहुधा जठराच्या तोंडाशी होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा अधिक. वृत्तपत्राचे कात्रण घेऊन येणाऱ्यांनी प्रथम बायॉप्सीच्या अहवालात प्रकार पाहावा. बातमी एका प्रकाराची आणि रुग्ण दुसऱ्या प्रकाराचा, असे पुष्कळदा होते.

कर्करोगाच्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जणू लगाम घालतात. इम्युनोथेरपी तो लगाम सोडविते. गाठ अद्याप शरीरात असताना हे औषध केमोथेरपीसोबत दिल्यास प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख अधिक चांगली पटते, अशी यामागची कल्पना. चीनमधील ३९१ स्क्वॅमस रुग्णांच्या अभ्यासात (२०२४) केवळ केमोथेरपीने ४.७ टक्के रुग्णांत गाठीचा मागमूस उरला नाही. इम्युनोथेरपीची जोड दिल्यावर, केमोच्या औषधानुसार, हे प्रमाण १५.४ व २८ टक्के झाले. परंतु गाठ खरोखर नाहीशी झाली की नाही, हे काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कळले. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

जठर व त्याच्या तोंडाशी होणाऱ्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या ९४८ रुग्णांवरील अभ्यासात (२०२५) दोन वर्षांनी रोग न बळावता वा न उलटता हयात असलेले रुग्ण ५८.५ ऐवजी ६७.४ टक्के होते. लाभ खरा, पण मर्यादित. येथे हिशेबनिसाची नजर डोसांच्या संख्येवर जाते : शस्त्रक्रियेपूर्वी दोन, नंतर बारा, एकूण चौदा. एका कुटुंबाने शेताचा तुकडा विकून अन्यत्र पहिले डोस घेतले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हात रिकामे राहिले. म्हणून पहिल्या डोसापूर्वीच संपूर्ण उपचारांचा लेखी अंदाज आम्ही कुटुंबाच्या हाती देतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅबचा केवळ २० मिलिग्रॅमचा डोस केमोथेरपीला जोडून दिला. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. १५१ रुग्णांच्या त्या अभ्यासात एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गरीब रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट. मात्र ते रुग्ण अन्ननलिकेचे नव्हते, शस्त्रक्रियेचेही नव्हते. त्या आधारे येथे डोस कमी करता येत नाही.

आणखी एक. हे औषध घेतल्यानंतर कित्येक महिन्यांनीही जुलाब, दम लागणे वा अतिशय थकवा जाणवल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि इम्युनोथेरपी झाली असल्याचे आवर्जून सांगावे.